बॅटरी इकडे धर!

"ताई, तुमच्याकडं उतरलेले सेल पडलेत काय वो?"

वहिनींनी कंपाउंडच्या भिंतीवरून हा प्रश्न टाकला की समजायचं, पुण्याच्या नातवंडांची तिकिटं निघाली. हुबळीजवळच्या तारिहाळात आमच्या दोन घरांच्या मधली भिंत छातीएवढी. पलीकडून शेंगाचटणीची वाटी येते, इकडून कोथिंबीर जाते, आणि बातम्यांना तर हिशोबच नाही. यंदाच्या दिवाळीत मात्र त्या भिंतीवरून फराळापेक्षा बॅटऱ्यांचंच बोलणं जास्त झालं.

मी जमवून ठेवलेले पेन्सिल सेल पिशवीतून दिले. म्हटलं, "मेलेले आहेत वहिनी, काय करणार ह्यांचं?"

"मेलेले म्हणू नका. ह्यांच्या हिशोबात सेल मरत नाही, त्याची बदली होते."

खरंच होते. वहिनींच्या यजमानांनी, म्हणजे अण्णांनी, नातीला मीटर आणून दिलाय. नवा सेल दीड व्होल्टच्या जरा वर दाखवतो. तो सव्वाच्या आसपास उतरला की बॅटरी पिवळी पडते. तोच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला तर आणखी कितीतरी दिवस चालतो, कारण घड्याळाला वीज लागते ती चिमूटभर. नातीनं खोक्याचे तीन कप्पे केलेत: कामावर, घड्याळखात्यात आणि पेन्शनीत. पेन्शनीतले सेल कचऱ्याच्या बादलीत टाकायचे नाहीत, वेगळे साठवायचे. "आमच्यातलं कोण कुठल्या कप्प्यात, ते मी तिला विचारलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

अण्णा रेल्वेतले गार्ड. हुबळी-मिरज, हुबळी-लोंढा, आणि कॅसलरॉकवरून कुळ्यापर्यंतचा घाट. त्या पदाला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. वहिनींचं दुखणं वेगळंच आहे. "जन्मभर शेवटच्या डब्यात बसले आणि हे निवृत्त झाल्यावर त्यांना मॅनेजर सुचलं. आमचं लग्न ठरताना सुचलं असतं तर माहेरी जरा मिरवले असते की."

पण बॅटऱ्यांचा नाद लागला तो त्या डब्यातच. गार्डाच्या हातात लाल, हिरवा आणि पांढरा असे तिन्ही उजेड देणारा दिवा असायचा. जुन्या काळी तो रॉकेलचा, आतली रंगीत काच फिरवायची. पुढं सेलवरचा तिरंगी आला. पावसाळ्यातल्या रात्री, एकास सदतीसच्या उतारावर, धबधब्याचं पाणी अंगावर झेलत गाडी उतरते, तेव्हा मागच्या माणसाचं पुढच्याशी बोलणं म्हणजे तो हिरवा ठिपका. त्या दिव्यावर अण्णांचा जीव बसला तो बसलाच. निवृत्तीनंतर इतर लोक बागकाम करतात, देवळाच्या कमिटीवर जातात. अण्णा कोप्पीकर रोडच्या दुकानांतून आणि भंगारवाल्यांच्या गोणपाटांतून बॅटऱ्या उचलत सुटले.

"किती झाल्या हो वहिनी एकूण?"

"मोजायला गेलं की दडवतात. कपाटाचा वरचा खण त्यांचा होता, आता खालचाही गेला. माझ्या पैठणीखाली परवा लांबडी तीन सेलांची निघाली."

त्या कपाटात काय काय आहे ते मी पाहिलंय. एव्हरेडीची पितळी अंगाची जीवन साथी आहे. वहिनी ती चिंचेनं घासतात, तक्रार करत घासतात, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. अलाहाबादच्या कारखान्यातली जीप आहे. तिच्या बुडाच्या झाकणात जादा बल्ब ठेवायची छोटी जागा आहे. बल्ब उडाला तर अंधारात शोधाशोध नको, इतका विचार कुणीतरी केला होता, हे अण्णा दर वेळी नव्यानं सांगतात. नव्यांपैकी एक करंगळीएवढी आहे आणि गेटवरून समोरच्या कारखान्याचा पत्रा उजळून टाकते.

मोठ्या सेलांचा विषय निघाला की आम्ही दोघी वय विसरतो. बॅटरी मंद झाली की सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे, संध्याकाळी त्या बॅटरीत थोडा जीव यायचा. घरोघर हीच युक्ती. नातवानं विचारलं, "उन्हानं चार्ज होतात?" अण्णा म्हणाले, "नाही रे, उबेनं आतल्या रसायनांची क्रिया जरा जोरात चालते, इतकंच. एक संध्याकाळ निघते." आणि अगदीच संपलेला सेल फोडून आतली काळी कांडी काढायची, तिनं रस्त्यावर खडूसारखं लिहायचं. हात असे काळे व्हायचे की आईला वेगळा पुरावा लागायचा नाही. आताच्या मुलांना सेल फोडायला अण्णा देत नाहीत, पण कापून चिकटवलेला एक नमुना त्यांनी डब्यात ठेवलाय: बाहेर जस्ताचा डबा, मधे कांडी, भोवती काळा मसाला. वीज देता देता तो जस्ताचा डबाच आतून झिजतो, भोक पडतं, रस गळतो, स्प्रिंग हिरवी होते आणि बॅटरी कायमची जाते. म्हणून अण्णांच्या घरात ठेवणीतल्या कुठल्याही बॅटरीत सेल नसतो. पाहुण्यानं कौतुकानं कपाटातली बॅटरी उचलून बटण दाबलं की काही लागत नाही, आणि पाहुणा सहानुभूतीनं बघतो.

एक गोष्ट वहिनींनी जरा आवाज उतरवून सांगितली. नात आता आठवीत आहे. जुन्या बॅटरीच्या बुडावर कोरलेलं नाव तिनं वाचलं आणि विचारलं, "अज्जा, युनियन कार्बाईड म्हणजे ती भोपाळचीच ना?" घरात सगळे गप्प. भारतात एव्हरेडी बनवणारी कंपनी तीच होती, आणि डिसेंबर 1984 च्या त्या रात्री भोपाळला वायू सुटला तो तिच्याच कीटकनाशकांच्या कारखान्यातून. 1994 मध्ये कंपनी कलकत्त्याच्या खेतानांकडं गेली, नाव बदललं, लाल सेल तेच राहिले. अण्णांनी पोरीपासून काही लपवलं नाही. "हो, तीच," म्हणाले, आणि त्या रात्रीचं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. मग तिनं त्या बॅटरीला एक कागद बांधला, त्यावर साल लिहिलं. बॅटरी कपाटातच आहे. मला विचाराल तर वस्तू जमवण्याच्या नादाला ह्यापेक्षा चांगलं वळण लागू शकत नाही.

आता वहिनींची खरी तक्रार, जी त्यांनी मला चार वेळा चार प्रकारे सांगितली. वहिनींचं माहेर कऱ्हाडकडचं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंनी 1916 मध्ये काचकारखाना काढला, आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत टांगला गेला. वहिनींच्या आईचा तसा एक कंदील त्यांच्याकडं आहे. तो बॅटऱ्यांच्या कपाटात नाही, देवघराशेजारी आहे, म्हणजे मान ओळखा. तर अण्णांनी काय केलं? वहिनी लग्नाला गेल्या असताना कंदिलाची वात काढली आणि आत सेलवरचा एलईडी बसवला.

"मी आले, बघते तर काचेत हे पांढरंफटक! म्हटलं, माझ्या आईला विजेचं कनेक्शन दिलंत होय?"

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी निमूट वात परत घातली. पण गंमत पुढंच आहे. एवढ्या बॅटऱ्यांतून नातीला आवडला तो कंदील. काच आधी कागदानं पुसायची, मग कोरड्या फडक्यानं. वात कात्रीनं सरळ कापायची, कोपरे किंचित गोल करायचे, नाहीतर ज्योतीला शिंग येऊन काच काजळते. हे सगळं वहिनींनी शिकवलं आणि नात आजीच्या पक्षात गेली. "एक नातू त्यांचा, एक नात माझी," वहिनी भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या, "निवडणूक बरोबरीत."

दिवाळीच्या आदल्या दिवशी पुण्याची लेकही भिंतीशी आली. तिचं गाऱ्हाणं ऐकलं आणि मला इतकं हसू आलं, कारण ते माझंही होतं. किंबहुना ज्या कुणाच्या लहानपणी घरातला फ्यूज उडाला असेल त्या प्रत्येकाचं आहे.

"काकू, बाबांनी मला लहानपणी बॅटरी म्हणजे काय शिकवलं सांगू? 'इकडे धर! तिकडे कुठे? तारेवर धर! माझ्या डोळ्यात नको! हलवू नको!' बस. ह्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि माझ्या हातात बॅटरी. स्टूल त्यांचं, शाबासकी त्यांची, आणि उजेड हलला की बोलणी माझी. आणि आता नातवाला बघा! तो म्हणेल तिकडं हे मान वळवतात."

ही गोष्ट मी आधी लक्षात घेतली नव्हती, मग मुद्दाम बघत राहिले. अण्णा रात्री पोरांना घेऊन निघतात तेव्हा बॅटरी सगळ्यात लहान असेल त्याच्या हातात देतात. स्वतः हात मागं बांधून चालतात. पोरगं उजेड जिकडं टाकेल तिकडं बघायचं, आणि त्यानं दाखवलेलं काही असेल तर त्याबद्दल बोलायचं. नाहीच काही तर गप्प चालायचं. आमचा नातूही त्यांच्यात असतो. दुसरीतला आहे म्हणून पहिले काही दिवस बॅटरी त्याच्याकडंच होती. घरी आला की छाती काढून झोपायचा.

तारिहाळात अंधार शोधावा लागतो हे बाहेरच्यांना पटत नाही. एका अंगाला कारखान्यांचे मोठमोठे दिवे, दुसऱ्या अंगाला बायपासवरचे ट्रक, विमानतळही फार लांब नाही. काळ्या रानात जरा आत गेलं की मग खरा अंधार लागतो. तिथं जायचे अण्णांचे नियम आहेत. पायात बूट. उजेड पायांपुढं तीन पावलं. पाय आपटत चालायचं. समोरून कुणी आलं तर उजेड जमिनीवर, माणसाच्या तोंडावर कधीच नाही. मण्यार रात्रीच फिरते, घोणस बांधाच्या कडेला पडून असते, हे ते भीती घालायला सांगत नाहीत, टाइमटेबल सांगतात तसं सांगतात.

त्या रानात मुलांनी काय पाहिलं? कोळ्यांचे डोळे. मला खरं वाटेना, म्हणून एका रात्री साडी खोचून मीही गेले. नातू कमरेशी बॅटरी धरून शोधत होता, त्याला काही दिसेना. अण्णा म्हणाले, "डोळ्याच्या रेषेत धर, कानाशी." त्यानं धरली आणि बांधावरच्या गवतात बारीक हिरवट-निळे ठिपके लुकलुकायला लागले. जमिनीवर धावणारे कोळी असतात, जाळं न विणता शिकार करणारे, त्यांच्या डोळ्यांच्या मागं आरशासारखा पडदा असतो. उजेड जिथून आला तिथंच परत जातो, म्हणून बॅटरी आणि आपले डोळे एका रेषेत हवेत. दवाचे थेंबही चमकतात, पण ते पांढरे, आणि आपण हललो की विझतात. नातवानं दोन थेंबांना कोळी म्हटलं आणि एका कोळ्याला थेंब. तिसऱ्या दिवसापासून तो चुकेना. परत येताना गोठ्यातल्या म्हशीचे डोळे, गल्लीतल्या कुत्र्याचे, पत्र्यावरच्या मांजराचे, असा सगळ्यांचा हिशोब घेत आला.

"आणि तुमच्या लेकीनं काय केलं?" मी वहिनींना विचारलं, कारण ती रुसल्यासारखी मागं राहिली होती.

"ह्यांनी तिच्या हातात तो जुना तिरंगी दिला. लाल लावून. म्हणाले, 'तू सगळ्यात शेवटी चाल. कुणी मागं राहिलं नाही ना, ते तू बघायचं.' तोंडातून शब्द नाही काढला तिनं. आल्यावर मला म्हणाली, 'आई, बाबांनी मला गार्ड केलं.'"

आता जरा हसण्याच्या गोष्टी. ऑनलाइन मागवलेली एक जांभळी बॅटरी आली, अतिनील उजेडाची. तिनं घरात धमाल उडवली आणि थोडी आगही लावली. हळद स्पिरिटमध्ये ढवळून त्यावर ती टाकली की पिवळंहिरवं लखलखतं. साबणाच्या पावडरीनं धुतलेला पांढरा बनियन निळसर उजळतो, कारण पावडरीत तसं चमकवणारं द्रव्य असतं. नोटेवरचे आकडे आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू उजळून येतात. आमच्या नातवानं घरातली प्रत्येक नोट तपासून मला पावती दिली. रानातल्या दगडाखालचा विंचू तर हिरवा निऑन होऊन बसतो. पण मग पुण्याच्या नातवानं ती बॅटरी न्हाणीघरात नेली आणि जेवायला बसलेल्या चार माणसांत जाहीर केलं, की आजीनं फरशी नीट घासलेली नाही, कोपऱ्यात सगळं चमकतंय. त्यानंतर त्या घरात काय झालं ते भिंतीच्या अलीकडं मला सगळं ऐकू आलं, पण लिहीत नाही.

आमच्या मागच्या भिंतीला टाइल्स आहेत, त्यांचाही उपयोग झाला. बॅटरी भिंतीपासून ठरावीक अंतरावर धरायची आणि वर्तुळाच्या आत किती टाइल्स येतात ते खडूनं मोजायचं. अंतर दुप्पट केलं की वर्तुळ दुप्पट रुंद होतं आणि आतल्या टाइल्स साधारण चौपट. बॅटरीतून निघणारा उजेड मात्र तेवढाच, म्हणजे एकेका टाइलच्या वाट्याला पाव. गणिताच्या पुस्तकातलं सूत्र अण्णांनी तोंडातून काढलं नाही. नात म्हणाली, "म्हणजे दुप्पट लांब फेकायचं तर जोर चौपट हवा." माझ्या सुनेनं हे ऐकून शिकवणीच्या फीचा विषय काढला, तो मी तिथंच बंद केला.

हे कळल्यावर मुलं खोक्यावरच्या आकड्यांच्या मागं लागली. एका बॅटरीवर छापलं होतं, फेक दीड हजार मीटर. आमच्या हुबळीचा प्लॅटफॉर्म 1507 मीटरचा, 2023 मध्ये उद्घाटन झालेला, जगातला सगळ्यात लांब. नातवाचा प्रश्न चोख होता: "मग ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाचा माणूस दिसेल?" अण्णा म्हणाले, खोक्यावरचे मीटर मोजायची रीत अशी, की उजेड कमी होत होत जिथं पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो तिथपर्यंतचं अंतर. तिथं उभा असलेला माणूस आहे की खांब, हे ओळखायला तेवढा उजेड पुरत नाही. "आणि करून बघू या म्हणशील तर नाही. रुळांच्या आसपास बॅटरी घेऊन खेळायचं नाही. पांढरा दिवा जोरजोरात हलवला तर त्याचा अर्थ धोका, थांबा, असा होतो. कुणी खरंच थांबेल." दुसऱ्या एका चिनी खोक्यावर लाखभर लुमेन लिहिलेलं होतं. घरातला साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब सात-आठशे लुमेनचा. मुठीत मावणाऱ्या नळीतून त्याच्या शंभरपट उजेड निघत असता तर हात भाजला असता, एवढं आता आठवीतली पोरगीही सांगते. दुकानदाराला सांगून आली, हे वाईट झालं.

ते पांढऱ्या दिव्याचं पोरांनी लगेच घरात आणलं. संध्याकाळी त्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर सिग्नल. हिरवा म्हणजे ये. लाल म्हणजे अभ्यासाला बसवलंय. पांढरा जोरजोरात हलला तर धोका, म्हणजे जेवायला भोपळ्याची भाजी आहे, काहीतरी कारण काढून तिकडंच थांब. हा शेवटचा अर्थ आम्हा दोघींना बऱ्याच उशिरा कळला.

जत्रेतून आणलेला हिरवा लेसर मात्र अण्णांनी त्याच दिवशी काढून घेतला. विमानं डोक्यावरून उतरतात, वैमानिकाच्या डोळ्यात गेला तर? त्यावर चर्चा नाही. तसेच ते नवे लिथियमचे सेल, अठरा मिलिमीटर जाडीचे नि पासष्ट लांबीचे. उजेड त्यांचाच भारी, पण त्यांना हात अण्णांचाच. खिशात किल्ल्यांबरोबर टाकायचे नाहीत, शहाबादी फरशीवर ठेवूनच चार्ज करायचे, घरात जागं कुणी नसताना नाही. बटणासारखे चपटे सेल तर कुलपात. गिळले तर अन्ननलिका जाळतात, हे त्यांनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय. एरवी मुलांना सगळं उघडून बघू देणारा माणूस इथं एकदम गार्ड होतो. मला हे बरं वाटतं.

माझी सून कुडाळकडची. तिचा ह्या सगळ्यात रस शून्य, "मोबाईलमध्ये टॉर्च असतोच की" ह्या पक्षाची. अण्णा त्यावर इतकंच म्हणाले, "असतो. पण मोबाईल हातात घेतला की पोरगं त्या उजेडात बघत नाही, मोबाईलमध्ये बघतं." पण एका रात्री वीज गेली आणि मुलांनी दोन घरांच्या मधल्या दोरीवर चादर टाकून सावल्या पाडायला घेतल्या, तेव्हा तीच पदर खोचून पुढं आली. तिच्या गावाजवळ पिंगुळी. तिथले ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून नाचवतात, त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणेंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. लहानपणी तिनं तो खेळ बसून पाहिलेला. आपल्या कर्नाटकात त्याला तोगलु गोंबेयाट म्हणतात, हे वहिनींनी पलीकडून पुरवलं. सुनेनं पुठ्ठ्याचा रावण कापला. नऊ एलईडींची बॅटरी लावली तर रावण इतका फाटला की एका सावलीच्या नऊ झाल्या. मुलं खूश, पण सून नाही. तिला कडा हवी होती. मग अण्णांनी जीवन साथीचं डोकं उघडून काच आणि वाटी बाजूला केली, नुसता एक बल्ब ठेवला. एकाच ठिपक्यातून येणारा उजेड, त्यामुळं सावली सुरीनं कापल्यासारखी आली. रावण चादरीजवळ असला तर माणसाएवढा, बल्बकडं सरकवला तर आमच्या भिंतीवरून थेट पत्र्यापर्यंत. वीज मध्येच आली तेव्हा सगळ्यांत आधी "बंद करा ते दिवे!" कोण ओरडलं असेल, तर माझी सून.

एवढं झाल्यावर परवा वहिनी भिंतीशी आल्या त्या तोंडाला पदर लावूनच. कपाट आवरताना त्यांना बॅटऱ्यांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या सापडल्या. पोरांनी आपसात वाटणी करून टाकली होती: अज्जांच्या नंतर कुठली कुणाची. वहिनींचं काळीज धसकलं. लपवावं म्हणून चिठ्ठ्या काढायला गेल्या, तेवढ्यात अण्णाच आले. चष्मा लावला, एकेक चिठ्ठी वाचली.

"मला वाटलं, मनाला लागणार आता. तर म्हणाले काय, 'चुकलंय. लांब फेकीची ह्याला कशाला दिली? हा जवळचं बघणारा आहे, ह्याला पसरट उजेडाची हवी.' आणि बसून सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. स्वतःच्या अक्षरात."

"कंदील?"

"कंदिलाला चिठ्ठी लावायची कुणाची हिंमत आहे? तो माझा आहे. मी ठरवीन."

"आणि तिरंगी?"

"लेकीला."

मग वहिनींनी सांगितलं की अलाहाबादच्या जीपवर आमच्या नातवाचं नाव आहे. मी सुनेला हाक मारून सांगितलं. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, ठेवायची कुठं, आपल्याकडं कपाट कुठं रिकामं आहे? वहिनी भिंतीवर रेलून मोठ्यानं म्हणाल्या, "एवढंच ना? पैठणीखाली ठेव. तिथं चांगली राहते. फक्त सेल काढून ठेव, आणि ती जांभळी कुणी वाटणीत मागितली तर खुशाल घेऊन जा म्हणावं, आमच्या न्हाणीघराला शांतता मिळेल."